श्रीसंत गोरोबाकाका : चरित्र व बोध

महाराष्ट्राच्या संतमंडळात श्रीसंत गोरोबाकाकांचे स्थान वडीलकीचे आहे. श्रीज्ञानदेव, श्रीनामदेव, श्रीनिवृत्तिनाथ, श्रीसोपानदेव व आदिशक्ती मुक्ताबाई या समकालीन संतांनी त्यांना काका म्हणून गौरविले आणि तेच नाव पुढे सर्वतोमुखी झाले. जातीने कुंभार, व्यवसायाने मडकी घडविणारे, संसाराने चारचौघांसारखेच असणारे हे सत्पुरुष कोणत्या कसोटीतून जाऊन या पदास पोहोचले, हे प्रत्येक भाविकाने जाणून घ्यावे असे आहे. त्यांच्या चरित्रात चमत्कार आहेत. परंतु त्या चमत्कारांच्या आधी एक मोठे दुःख आहे, आणि ते दुःख त्यांच्याच हातून, किंबहुना त्यांच्याच पायांखाली घडलेले आहे. म्हणून हे चरित्र केवळ ऐकून हात जोडण्याचे नसून मनाशी तोलून पाहण्याचे आहे.

तेर नगरी

गोरोबाकाकांची जन्मभूमी, कर्मभूमी आणि समाधिभूमी एकच, ती म्हणजे तेर. तेरणा नदीच्या काठी वसलेले हे गाव पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. शेजारच्या ढोकी गावामुळे यास तेरढोकी असेही म्हणतात. प्राचीन काळी या नगरीचे नाव तगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेली मोठी बाजारपेठ म्हणून तगराचा उल्लेख आलेला आहे. येथील माल भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. पुढे शिलाहार राजे स्वतःस तगर या श्रेष्ठ नगरीचे अधिपती म्हणवून घेण्यात भूषण मानीत.

येथील त्रिविक्रम मंदिर भाजलेल्या विटांचे असून महाराष्ट्रातील अतिप्राचीन मंदिरांत त्याची गणना होते. उत्तरेश्वर मंदिरही विटांचेच आहे. गावातील कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या प्राचीन वस्तूंतून येथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आहे. त्यात मातीच्या मूर्ती, मणी, नाणी व खापरे पाहावयास मिळतात. मातीला आकार देऊन ती भाजून टिकाऊ करण्याची विद्या या भूमीत गोरोबाकाकांच्या पूर्वी हजार वर्षांहून अधिक काळ नांदत होती, हे त्या वस्तू पाहताना ध्यानी येते. अशा गावी अशा संताने जन्म घ्यावा, हे यथायोग्यच म्हटले पाहिजे.

जन्म व कुल

प्रचलित मान्यतेनुसार काकांचा जन्म शके ११८९, म्हणजे इ. स. १२६७ मध्ये झाला. या गणनेने ते श्रीनामदेवांहून तीन व श्रीज्ञानदेवांहून आठ वर्षांनी वडील होत. माधवबुवा व रखुमाई हे त्यांचे मातापिता. हे दांपत्य तेर येथील काळेश्वराचे उपासक होते, अशी परंपरा आहे. त्यांची अनेक अपत्ये अल्पवयातच दगावली. ज्या गोरीत म्हणजे खाचेत बालकांना मूठमाती दिली होती, त्या गोरीतून देवाच्या कृपेने परत लाभलेला तो गोरा, अशी त्यांच्या नावाची आख्यायिका सांगतात. ज्या घराने अपत्यवियोगाचे दुःख वारंवार सोसले, त्याच घरात पुढे तेच दुःख फिरून यावे, हा दैवाचा विलक्षण खेळ होय.

व्यवसाय व नामस्मरण

कुंभाराच्या कामात मडके चाकावर चढण्याआधीचे कष्ट अधिक. माती खणून आणावयाची, वाळवून कुटावयाची, चाळून खडे वेचावयाचे, तिच्यात राख व लीद मिसळून पाणी घालावयाचे आणि मग तो चिखल पायांनी तुडवीत राहावयाचे. चिखलात एकही गाठ राहिली तर मडके आव्यात तडकते. म्हणून हे तुडविणे घटकान् घटका चालते. पाय एकाच लयीत पडत असतात आणि मन मोकळे असते. या मोकळ्या मनात गोरोबांनी विठ्ठलनाम भरले होते. हाताने काम व मुखाने नाम हा वारकरी पंथाचा मार्ग त्यांनी अंगीकारला होता. अरणच्या सावता माळ्यांनी मळ्यात आणि गोरोबांनी चिखलात तोच देव पाहिला.

संती नावाच्या सुशील स्त्रीशी त्यांचा विवाह झाला होता. घरी एक रांगते मूल होते. मडकी विकून निर्वाह चालत होता. यथाकाल पंढरीची वारी घडत होती.

तो प्रसंग

एके दिवशी संती पाण्यास निघाली. जाताना तिने मुलाकडे लक्ष ठेवावे असे पतीस सांगितले आणि बाळास अंगणात ठेवून ती गेली. गोरोबा चिखल तुडवीत होते. नेत्र मिटलेले, मुखी नाम, देहभान हरपलेले. पत्नीचे शब्द कानावर पडले असतील, पण मनापर्यंत पोहोचले नाहीत. मूल पित्याकडे रांगत गेले आणि चिखलाच्या आळ्यात उतरले. पित्याचे पाय त्याच लयीत पडत राहिले. मुलाचा आक्रोशही त्यांना ऐकू आला नाही.

संती परत आली तेव्हा अंगणात बाळ नव्हते. चिखलाचा रंग पाहून तिला काय झाले ते उमगले. तिचा टाहो गगनास भिडला. तिने पतीस व त्याच्या विठोबासही बोल लावले. ज्या भजनापायी पोटचा गोळा तुडविला गेला, त्या भजनाचा तिने धिक्कार केला.

श्रोत्यांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग याच्या पुढचा आहे. समाधी भंगलेल्या गोरोबांच्या ध्यानी प्रथम आपला अपराध आला नाही, तर पत्नीने केलेली देवाची निंदा आली. क्रोधाच्या भरात चाक फिरविण्याचा दांडा उचलून ते तिच्या अंगावर धावले. एक अनर्थ घडून गेला होता आणि दुसरा घडण्याच्या बेतात होता. त्या क्षणी भयाने व संतापाने संतीने आपल्या अंगाला हात लावाल तर विठोबाची आण आहे, असे निर्वाणीचे शब्द उच्चारले. गोरोबांचा उगारलेला हात जागच्या जागी थांबला. दांडा गळून पडला.

संतीची आण

संतीने ती आण त्या क्षणापुरती घातली होती. गोरोबांनी ती जन्मभराची मानली. त्या दिवसापासून त्यांनी पत्नीस स्पर्श केला नाही. तिच्याशी भाषण गोड, वागणूक सौम्य, संसारातील कामे पूर्ववत. पण शपथेच्या बाबतीत तिळमात्र सूट नाही. संतीने पुढे परोपरीने विनविले, शब्द मागे घेतला, क्षमा मागितली. पण बाण सुटला होता. पुत्र गेला आणि दुसरा होण्याची वाटही तिच्याच शब्दाने बंद झाली. संती निरपराध होती. तिचे दुःख खरे होते व तिचा संतापही न्याय्य होता. तथापि न्याय्य संतापात निघालेल्या शब्दाचेही परिणाम होतातच, आणि ते पुष्कळदा बोलणाऱ्यासच अधिक भोगावे लागतात. हे सत्य या कथेइतके स्पष्ट क्वचितच सांगितले गेले असेल.

दुसरा विवाह व हस्तत्याग

वंश खुंटेल या चिंतेने संतीने स्वतः पुढाकार घेतला. आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी पतीचा विवाह करून देण्यास तिने आपल्या पित्यास राजी केले. आपल्या संसारात सवत आणण्यास तयार झालेल्या त्या माउलीच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

विवाह झाला. कन्येस निरोप देताना पित्याने जावयास दोघी बहिणींना सारखे वागवा, दोघींत भेद करू नका, असे सांगितले आणि विठोबाची शपथ घातली. कोणताही पिता अशा वेळी हेच सांगेल. पण गोरोबांनी तेही वचन अक्षरशः घेतले. थोरलीस जे व्रत, तेच धाकटीस. सहज म्हणून उच्चारलेल्या या वाक्याने रामीचाही संसार थांबला.

दोघी बहिणींनी पुष्कळ दिवस वाट पाहिली. अखेर एके रात्री पती निद्राधीन असता दोघी दोन बाजूंस निजल्या आणि त्यांचे हात आपल्या अंगावर घेतले. एकदा स्पर्श घडला की शपथ आपोआप सुटेल, अशी त्यांची भाबडी समजूत होती. पहाटे गोरोबा जागे झाले आणि त्यांनी पाहिले की आपल्या हातांनी शपथ मोडली आहे. मनाने मोडली नव्हती, जाणून मोडली नव्हती. तरीही अपराध हातांचा म्हणून शासन हातांस, असा निवाडा करून त्यांनी आपले दोन्ही हात तोडून टाकले. कुंभाराने हात गमाविणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. चाक थांबले, आवा थंडावला, घरात दारिद्र्य आले. परंपरा सांगते की, त्या काळी प्रत्यक्ष पांडुरंग विठू कुंभार होऊन तेरेस आले, रुक्मिणीमाता त्यांच्यासमवेत आली, गरुड माती वाहणारे गाढव झाला आणि देवाने भक्ताच्या घरी मडकी घडविली.

पंढरीचे कीर्तन

पुढे वारीच्या निमित्ताने गोरोबा दोघी पत्नींसह पंढरीस गेले. श्रीनामदेवांचे कीर्तन चालले होते. नामदेवांनी सर्वांस हात उंचावून टाळी वाजविण्यास व नामाचा गजर करण्यास सांगितले. भरल्या सभेत गोरोबांपाशी हातच नव्हते. तरीही त्यांनी ते थोटे बाहू वर केले. त्याच क्षणी त्यांस नवे हात फुटले, असे संतचरित्रकार सांगतात. ते पाहून संतीने आपल्या बाळासाठी देवाची करुणा भाकली, आणि चिखलात हरपलेले मूल कीर्तनातील भक्तजनांतून रांगत तिच्याकडे आले. देवाने गोरोबांस शपथेतूनही मुक्त केले. दोघी भगिनींचा संसार मार्गी लागला.

ही सर्व कथा श्रीनामदेवांच्या नावावरील अभंगांतून व विशेषतः ताहराबादकर महिपतींच्या भक्तविजय ग्रंथातून, शके १६८४ म्हणजे इ. स. १७६२ पासून, घरोघरी पोहोचली. कीर्तनकारांनी ती शतकानुशतके गावोगाव नेली. कन्नड भाषेत १९७४ साली निघालेल्या भक्त कुंबार या चित्रपटाने व मराठीत अशोकजी परांजपे यांच्या संत गोरा कुंभार या संगीत नाटकाने ती नव्या पिढीसमोर आणली.

कथेचे मर्म

ही कथा ऐकून काही भाविक असे समजतात की, भजनात मूल तुडविले गेले तरी भान न येणे हीच भक्तीची पराकाष्ठा होय. तन्मयता थोर होती यात शंका नाही. तथापि संतपरंपरेने ही कथा त्या क्षणापाशी थांबविलेली नाही. तन्मयता होती म्हणून दोष नव्हता, असे म्हणून गोरोबांस मोकळे केलेले नाही. उलट त्या एका अनवधानापासून परिणामांची साखळी कशी लांबत गेली, हे कडीमागून कडी दाखविले आहे. मुलाकडे लक्ष राहिले नाही, म्हणून मूल गेले. आपली चूक पाहण्याआधी क्रोध आला, म्हणून हात उगारला गेला. हात उगारला गेला, म्हणून आण पडली. आण पडली, म्हणून दुसरा विवाह झाला. विवाहाच्या वेळी सासऱ्यांनी विचार न करता शपथ घातली, म्हणून दुसरीही दुःखी झाली. दोघींनी अधीरतेने उपाय केला, म्हणून हात गेले. या साखळीत दुष्ट असा कोणीच नाही. सर्वच सज्जन आहेत आणि प्रत्येकाने क्षणभरच बेसावधपणा केला आहे.

मग गोरोबाकाकांचे थोरपण कशात? ते असे की, परिणाम समोर उभा राहिल्यावर त्यांनी त्याकडे पाठ फिरविली नाही. आपण भजनात होतो, देवानेच हे घडविले, पत्नीने पाण्यास जावयास नको होते, ही सर्व कारणे त्यांच्या मुखाशी होती. एकही त्यांनी पुढे केले नाही. उगारलेला हात ज्या नावाने थांबला, त्या नावाचा मान जन्मभर राखणे हेच त्यांनी आपले प्रायश्चित्त मानले. त्यांनी स्वतःस दिलेले शासन आपण अनुकरावे असे नाही. देवानेही ते हात परत दिले, यावरून देहदंड देवास इष्ट नव्हता असेच म्हणावे लागते. अनुकरणीय आहे ती जबाबदारी. आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. देवाची कृपा झाली तेव्हा केवळ गोरोबांचे हात परत आले नाहीत. संतीचे मूल परत आले, रामीस संसार मिळाला. आपल्या चुकीची झळ ज्यांना लागली त्यांचे दुःख निवारले जात नाही तोवर प्रायश्चित्त पुरे होत नाही, हाच याचा भावार्थ.

संतपरीक्षा

गोरोबाकाकांच्या जीवनातील दुसरा प्रसिद्ध प्रसंग म्हणजे संतांची परीक्षा. ज्ञानदेवादी संतमंडळी काकांच्या घरी तेरेस आली असता मुक्ताबाईंची दृष्टी कोपऱ्यातील लाकडी थापटण्याकडे गेली. कुंभार ओल्या मडक्याच्या आतून गोटा धरतो व बाहेरून थापटण्याने ठोकून त्यास आकार देतो. त्याच थापटण्याने भाजलेले मडके वाजवूनही पाहतात. पक्के मडके खणखणीत वाजते, कच्चे बद्द बोलते. हे ऐकून मुक्ताबाईंनी, येथे बसलेल्या मडक्यांतही कोणते कच्चे आहे ते काकांनी पाहावे, असे सुचविले.

काकांनी एकेका संताच्या मस्तकावर थापटणे मारण्यास आरंभ केला. सर्वजण शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा त्यांस तो अपमान वाटला व ते रागावले. काकांनी हे मडके कच्चे आहे असा निर्वाळा दिला. नामदेव दुःखी होऊन पांडुरंगाकडे गेले. परंतु देवानेही तोच निर्णय कायम केला आणि त्यांस विसोबा खेचरांकडे पाठविले. औंढ्या नागनाथी विसोबांचा उपदेश लाभून नामदेवांचे मडके पक्के झाले.

हा प्रसंग मागील कथेच्या प्रकाशात पाहावा. मस्तकावर थापटणे पडताच उसळणे म्हणजे काय, हे काकांस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. दांडा हाती घेऊन धावण्याचा क्षण त्यांनी स्वतः अनुभविला होता. जो आपल्या क्रोधाचे फळ भोगून शांत झाला, त्यासच दुसऱ्याचा कच्चेपणा ओळखण्याचा अधिकार पोहोचतो. नामदेवांचे मोठेपण असे की, कटू निर्णय त्यांनी अखेर स्वीकारला आणि ते गुरूच्या शोधास निघाले. थापटण्याचा आघात घाव घालण्यासाठी नसतो, घडविण्यासाठी असतो, हे उभयतांनी दाखवून दिले.

अभंगरचना व समाधी

काकांच्या नावावर मोजकेच, सुमारे वीस अभंग उपलब्ध आहेत. त्यांतील काही नामदेवांस उद्देशून आहेत. निर्गुणाचा अनुभव, वाणीचे मौनावणे आणि आपपर भाव मावळणे, हे त्यांचे विषय होत. थोडे बोलणारा व पुष्कळ पाहिलेला पुरुष त्यांतून दिसतो.

शके १२३९ च्या चैत्र वद्य त्रयोदशीस, इ. स. १३१७ मध्ये, काकांनी तेर येथे देह ठेवला. तेथेच त्यांचे समाधिमंदिर आहे. दरवर्षी चैत्र वद्य पक्षात येथे मोठी यात्रा भरते. काळेश्वर व त्रिविक्रम ही मंदिरेही भाविकांनी अवश्य पाहावीत.

भाविकांस विनंती

समाधीपुढे नतमस्तक होताना आपणही मनाशी क्षणभर हिशेब करावा. आपल्या अनवधानाने, आपल्या उतावळ्या शब्दाने वा आपल्या रागाने कोणाचे काय गेले, हे आठवावे. भरपाई करता येण्यासारखी असेल तर घरी परतल्यावर ती करावी. नवस व देणगी देवास पोहोचतेच. पण दुखावलेल्या माणसाची समजूत घालणे हीही देवाचीच सेवा होय. दानशूर भाविकांनी दान देतानाही ज्याचे देणे राहून गेले असेल, त्याचे आधी चुकते करून मग दान द्यावे. ते दान अधिक फलदायी ठरते.

तसेच यात्रेच्या गर्दीत व नदीच्या काठी लहान मुलांचा हात सोडू नये. दर्शनरांगेत, भजनात, वा बोलण्याच्या नादात मुलावरची नजर काढू नये. मूल दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचे झाल्यास त्याने ऐकले आहे, याची खात्री करून मगच जावे. गोरोबाकाकांच्या दारी येणाऱ्या प्रत्येक मातापित्याने एवढे जरी पाळले, तरी काकांच्या चरित्राचे श्रवण सफल झाले असे म्हणता येईल.

॥ श्रीसंत गोरोबाकाका महाराज की जय ॥